चड्डीला हसणाऱ्यांना उत्तर

साताऱ्यातल्या एका कार्यक्रमात जुन्या अमेरिकी कॉमिक्समधल्या सुपरहिरोंच्या पोशाखांची क्रमवारी लावली गेली. वक्त्यांचं वाचन दांडगं होतं, ते पडद्यावर चित्रं दाखवत होते, आणि शाळकरी पोरांपासून पेन्शनरांपर्यंत सगळे रमले होते. पहिला नंबर बॅटमनला, दुसरा कॅप्टन अमेरिकाला, सुपरमॅन तिसरा. वेताळाचं, म्हणजे फँटमचं, नाव फक्त हशा पिकवण्यापुरतं आलं: जंगलात राहणाऱ्या माणसाला जांभळे कपडे कोण शिवून देतं, वगैरे. रॉबिन तर उघड्या मांड्यांचं पोर म्हणून निकालातच निघाला. सगळ्यात मोठा हशा मिळाला तो ठरलेल्या वाक्याला. चड्डी आत घालायची असते, हे या मंडळींना कुणी सांगितलंच नाही! शेवटी असंही म्हणून झालं की हा विषय परका, आपल्या मातीशी त्याचा काही संबंध नाही, गंमत म्हणून बघायचा आणि सोडून द्यायचा.

क्रमवारी कुणीही कशीही लावावी. भांडण आहे ते ती लावण्याच्या मापाशी. वक्त्यांचं माप एकच होतं, असा पोशाख घालून खरा माणूस खऱ्या गुंडाशी लढू शकेल का? ज्याचं उत्तर 'कदाचित' तो वर, ज्याचं 'छे' तो खाली. हे माप लावलं तर दशावतारातला संकासुर, तमाशातला राजा आणि यक्षगानातला भीम हे सगळेच नापास होतात. पोशाख कुणासाठी आहे, तो किती लांबून, कसल्या उजेडात, कसल्या कागदावर दिसणार आहे, याचा विचार या मापात कुठेच नाही. आणि ज्या मातीशी याचा संबंध नाही म्हणून सांगितलं गेलं, त्याच सातारा-सांगलीच्या मातीत हे प्रश्न शंभर-दीडशे वर्षं कामाचे होते.

आधी चड्डीचं बघू, कारण सगळा हशा तिथेच आहे.

१९३८च्या जून महिन्याची तारीख असलेल्या 'अॅक्शन कॉमिक्स'च्या पहिल्या अंकात सुपरमॅन आला. तो क्लीव्हलँडच्या जेरी सीगल आणि जो शुस्टर या दोन तरुणांनी घडवला. निळा तंग अंगरखा-विजार, वर लाल चड्डी, कमरेला पट्टा, लांब बूट. हे त्यांनी हवेतून आणलेलं नव्हतं. तेव्हाच्या सर्कशीतले आणि जत्रेतले शक्तीचे प्रयोग करणारे पहिलवान, झुल्यावरचे कसरतपटू, मूकपटातला डग्लस फेअरबँक्स, हे सगळं शुस्टरच्या डोळ्यांपुढे होतं. कसरतपटूची तंग विजार त्या काळी सुती किंवा लोकरी विणीची असे. आजच्यासारखं ताणलं की परत जागेवर येणारं कापड नव्हतं. ती विजार दोन पायांना वेगवेगळी विणून मध्ये जोडलेली, आणि सगळा ताण त्या जोडावर. झुल्यावर पाय फाकले, घोड्याच्या पाठीवर उडी घेतली की शिवण उसवायची भीती तिथेच. आणि घामाने भिजून अंगाला चिकटल्यावर दिसू नये ते दिसायची भीतीही तिथेच. म्हणून वरून एक आखूड, जाड, बहुधा रंगीत आणि टिकल्या लावलेली चड्डी. ती आतली चड्डी बाहेर आलेली नाही. ती पहिल्यापासून बाहेरचीच आहे, कामाचा कपडा आहे. लोहाराच्या चामड्याच्या पुढ्याला कुणी 'शर्टावर शर्ट' म्हणून हसत नाही.

हे सांगलीकराला तरी मुद्दाम सांगावं लागू नये. औदुंबरच्या दत्ताला जाताना कृष्णाकाठी अंकलखोप लागतं. विष्णुपंत छत्रे त्या गावचे. घोड्यांचे उस्ताद, गाण्याचे वेडे. मुंबईत कियारिनी या इटालियन मालकाची सर्कस आली, ती पाहून पंतांनी हिय्या केला आणि १८८० साली आपली ग्रेट इंडियन सर्कस उभी केली. हिंदुस्थानी माणसाची ही पहिली आधुनिक सर्कस. पुढे याच टापूतून म्हैसाळच्या देवलांची सर्कस निघाली, कार्लेकरांची निघाली. केरळातल्या तलश्शेरीला सर्कशीचं माहेर म्हणतात, पण तिथल्या कीलेरी कुन्हीकण्णन या कसरतीच्या गुरूला सर्कशीसाठी पोरं तयार करायला प्रवृत्त केलं ते छत्र्यांनीच. म्हणजे देशभरच्या तंबूंत तंग विजारीवर चड्डी चढवून झुल्यावर चढलेली पिढ्यान्‌पिढ्यांची माणसं कुठून तरी या कृष्णाकाठाशी जोडलेली आहेत. आणि त्याच जिल्ह्याच्या शेजारी बसून आपण सुपरमॅनच्या चड्डीला हसतो.

पुण्याचे दामू धोत्रे १९४०च्या सुमाराला अमेरिकेत रिंगलिंग ब्रदर्सच्या सर्कशीत वाघ-सिंह खेळवत होते. उघडं अंग, डोक्याला फेटा. कॉमिक्सचा अमेरिकेतला बहर ओसंडून वाहत होता तो नेमका हाच काळ. धोत्र्यांना पाहून एखाद्या चित्रकाराला काही सुचलं, असं मी म्हणत नाही. तसा पुरावा नाही. एवढंच म्हणतो की त्या चित्रकार पोरांच्या डोळ्यांपुढे जे जग होतं त्यात आपला एक माणूस भर रिंगणात उभा होता.

आखाड्याचंही तेच. कवठेपिरानचे मारुती माने काय, कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव काय, लाल मातीत लंगोटावर उतरलेल्या या माणसांना पाहून कुणाला हसू फुटलं नाही. जत्रेच्या मैदानात उतारावर, झाडांवर, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर माणसं दाटलेली असतात. मातीने माखलेले दोन पहिलवान एकमेकांत गुंतले की लांबच्याला कोण वर आणि कोण खाली हे कळतं ते लंगोटाच्या रंगावरून. कमरेपाशी असलेला तो रंगाचा एक पट्टा हीच तिथली सगळी वेशभूषा, आणि तेवढी पुरते.

चित्राच्या बाजूने पाहिलं तरी चड्डी लागतेच. मान ते टाच एकच निळा रंग ओतला की आकृती खांबासारखी होते. धड कुठे संपलं, पाय कुठे सुरू झाले, उडी मारताना कंबर कुठे वळली, काही कळत नाही. मध्ये लाल तुकडा आला की शरीर दोन भागांत वाचता येतं. डीसी कंपनीने २०११मध्ये सुधारणेच्या उत्साहात सुपरमॅनची चड्डी काढली. सात वर्षं तो निळ्या नळीसारखा उडत राहिला. २०१८मध्ये 'अॅक्शन कॉमिक्स'च्या हजाराव्या अंकाला चड्डी मुकाट्याने परत आली, आणि २०२५च्या सिनेमातही ती दिसली. दिग्दर्शक जेम्स गनला ती पटवून दिली नायकाचं काम करणाऱ्या डेव्हिड कोरेन्स्वेटने: परग्रहावरून आलेल्या एवढ्या ताकदीच्या माणसाची लहान मुलांना भीती वाटू नये म्हणून. हे तंबूतल्या माणसासारखं बोलणं आहे. वक्त्यांनी २०११चा बदल 'अखेर सुचलेलं शहाणपण' म्हणून दाखवला. पुढचं दाखवलं नाही.

आता वास्तवाकडे. जुन्या हिरोंत खरोखर वास्तववादी पोशाखाचा एक जण होता आणि त्याचं नाव त्या दिवशी कुणी घेतलं नाही. १९३९चा सँडमन. साधा सूट, फेल्ट हॅट, चेहऱ्यावर विषारी वायूपासून वाचवणारा मुखवटा आणि हातात गुंगीच्या वायूचं पिस्तूल. व्यवहार पाहिला तर सगळ्यांत शहाणा माणूस हाच. रस्त्यावरून चालत गेला तर मुखवटा काढेपर्यंतच विचित्र. वाचकांपुढे तो दोन वर्षं कसाबसा टिकला. १९४१च्या अखेरीला त्याला पिवळ्या-जांभळ्या तंग कपड्यांत घालावं लागलं. वास्तव हेच माप असेल तर पहिला नंबर सँडमनचा, आणि तो द्यायची हिंमत यादीत नव्हती. बॅटमनला वास्तववादी ठरवून पहिला नंबर देणं ही त्यातली सोयीची पळवाट आहे. वटवाघळाचे कान लावून छपरांवरून उड्या मारणारा कोट्यधीश वास्तववादी कधीपासून झाला?

सांगलीला हा वाद नवा नाही. ५ नोव्हेंबर १८४३ला चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' उभं केलं. आजही ही तारीख मराठी रंगभूमी दिन म्हणून पाळतात. भाव्यांच्या खेळात सोंडेचा गणपती नाचत यायचा, सरस्वती मोरावर यायची, आणि तोंड रंगवलेले राक्षस आरोळ्या ठोकत यायचे. उजेड दिवट्या-हिलालांचा. अशा लपलपत्या उजेडात मागच्या माणसाला भुवईची रेघ दिसत नाही. दिसतो रंगाचा ढीग, मुकुटाची उंची आणि हातवारे. पुढच्या पिढीतल्या शिकलेल्यांनी या खेळांना 'अललडुर्र' म्हणून हिणवलं. गावंढळ, भडक, अवास्तव. शब्द जुने, हसू मात्र त्या सभागृहातलंच.

मला या इतिहासात एक योगायोग फार बोलका वाटतो. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'शाकुंतल' आलं आणि मराठी नाटक सभ्य, सुरेल, देखणं झालं. राक्षसांची सद्दी संपली. पुढे याच भागातल्या नागठाण्याशी नातं सांगणारे बालगंधर्व शालू, अत्तर, अस्सल दागिने यांच्या थाटापायी कर्जात बुडेपर्यंत ते देखणेपण गेलं. आणि १८८० सालीच छत्र्यांचा तंबू उभा राहिला. रंगमंचावरून हाकललेला भडकपणा, लांबून दिसणारा रंग, अवाढव्य अंगविक्षेप, हे सगळं तंबूत राहायला गेलं. किर्लोस्करांच्या वाटेने गेलेल्या रसिकाला तंबूतला पोशाख नेहमीच अडाणी वाटणार. पण बालगंधर्वांचा शालू पुढच्या चार रांगांसाठी होता, आणि तंबूत पुढच्या चार रांगांवर धंदा चालत नाही.

वेताळाचंही आता घ्यायला हवं, कारण त्याच्यावर सगळ्यात जास्त अन्याय झाला. ली फॉकने त्याला १७ फेब्रुवारी १९३६ला वर्तमानपत्रात आणलं, सुपरमॅनच्या दोन वर्षं आधी. अंगाला चिकटलेला पोशाख, डोळ्यांवर मुखवटा आणि मुखवट्यात बुबुळं नाहीत, ही सगळी पुढच्या हिरोंची बाराखडी त्याने घालून दिली. बुबुळं नसलेले डोळे फॉकला ग्रीक पुतळ्यांवरून सुचले होते. फॉकच्या मनात पोशाख करडा होता. १९३९च्या मे महिन्यात रविवारची रंगीत पानं सुरू झाली तेव्हा तो जांभळा छापला गेला आणि तसाच राहिला. इतर देशांत तो आणखी बदलला. इटलीत लाल, स्कँडिनेव्हियात निळा. म्हणजे जंगलात जांभळा का, हा प्रश्न वेताळाला विचारायचा नसून छापखान्याला विचारायचा आहे. आणि गंमत अशी की छापखान्याने चूक केली नाही. डेंकालीच्या जंगलाच्या त्या हिरव्यागार पानांत करडा माणूस हरवला असता. हिरव्यावर जांभळा उठतो.

सांगलीत रद्दीच्या दुकानात जुने मराठी इंद्रजाल कॉमिक्स कधीमधी मिळतात. बेनेट कोलमनने १९६४ ते १९९० काढलेले. मुखपृष्ठं फाटलेली, कडेला वाळवी. एखादं पान भिंगाखाली धरून बघावं. जांभळा असा रंगच तिथे नाही. निळ्याचे आणि लाल छटेचे ठिपके शेजारी शेजारी, काही एकमेकांवर चढलेले, आणि एक ब्लॉक केसभर सरकला असला तर वेताळाच्या खांद्याबाहेर गुलाबी झालर आलेली. कागद असा की शाई पसरून दाढीचे खुंट आणि मुखवट्याची कडा एक झालेली. एवढी सगळी नासाडी होऊनही वेताळ ओळखू येतो. डोकं टोपडं घातल्यासारखं गुळगुळीत, दोन पांढरे डोळे, पट्ट्यापट्ट्यांची चड्डी, कमरेला दोन पिस्तुलं. एवढ्या वाईट छपाईत टिकणारं चित्र काढणं ही कारागिरी आहे. अमेरिकेतही अंक असल्याच भुसकट कागदावर निघत, चार शायांत, प्रत्येकीच्या मोजक्या छटांत. सुरुवातीच्या चित्रकारांचं सगळं कौशल्य या अडचणीत दिसतं, आणि तीच अडचण वक्त्यांनी पडद्यावर झळझळीत, नव्याने रंगवलेली चित्रं दाखवून पुसून टाकली.

यावर कुणी म्हणेल, मग जेवढं साधं तेवढं चांगलं, असंच का? तसंही नाही. समर्थांच्या अकरा मारुतींपैकी बरेचसे आपल्याच दोन जिल्ह्यांत आहेत: चाफळ, मसूर, उंब्रज, शहापूर इकडे; शिराळा, बहे तिकडे. शेंदराचे थर चढत गेले की मूर्तीवरचं बारीक काम दिसेनासं होतं. तरी गाभाऱ्याच्या अंधारात दारातूनच मारुती ओळखता येतो. उगारलेला हात, डोक्यामागून वर आलेली शेपटी, पुढे टाकलेला पाय. साधेपणा इथे नुसता रिकामेपणा नाही. तपशील पुसले गेले तरी बाह्यरेषा उरावी, अशी ती मूळ रचनाच आहे. पोशाखाला हेच विचारावं, शेंदूर फासल्यावर काय उरतं?

हे विचारलं तर बॅटमन बरा ठरतो, पण पहिला ठरत नाही. १९३९च्या मे महिन्यात तो आला. बॉब केनने त्याला आधी लाल तंग कपडे, ताठ पंख आणि डोळ्यांपुरता मुखवटा दिला होता. टोपीला जोडलेले कान, कातरलेल्या कडांचा झगा, करडा-काळा रंग, हे बिल फिंगरने सुचवलं. ज्याचं नाव श्रेयात यायला २०१५ उजाडलं. काळ्या आकाशापुढची ती कानांची बाह्यरेषा अप्रतिम आहे, वाद नाही. पण तेवढीच आहे. गच्चीवर उभा असेल तोवर तो राजा. मारामारीत उतरला की रात्रीच्या चौकटीत काळ्या शाईचा डाग. वर्षभरात, १९४०च्या एप्रिलमध्ये, त्याच्या शेजारी लाल-पिवळा-हिरवा रॉबिन उभा करावा लागला. गोष्टीला बोलायला सोबती हवा होता हे खरं. पण पानालाही रंग हवा होता. अंधाऱ्या पानावर वाचकाचा डोळा आधी रॉबिनवर पडतो आणि मग शेजारच्या काळ्या आकाराला बॅटमन म्हणून ओळखतो.

आणि रॉबिन कोण? झुल्यावर कसरत करणाऱ्या आईबापांचा पोरगा, तंबूत वाढलेला. त्याच्या उघड्या मांड्या आणि खवल्यांची हिरवी चड्डी या गोष्टी कथेतच बसवलेल्या आहेत. रॉबिन हूडच्या चित्रांचाही त्यात हात आहे, पण पोरगं मुळात सर्कशीतलं. कपड्याचं कारण कपड्यातच दाखवणारा त्या पिढीत दुसरा हिरो मला दिसत नाही. त्याला हसायचं असेल तर आधी म्हैसाळला जाऊन हसून यावं.

कॅप्टन मार्व्हलला चड्डी नाही, हा माझ्याविरुद्धचा पुरावा म्हणून कुणी काढेलच. सी. सी. बेकने १९४०मध्ये त्याला अंगभर लाल दिला, छातीवर पिवळी वीज, आणि कमरेला पिवळा कंबरपट्टा. शरीर तोडायचं काम तो पट्टा करतो. खांद्यावरचा आखूड पांढरा झगा लालभडक रंगाला श्वास घ्यायला जागा देतो. १९४०च्या दशकात हा सुपरमॅनपेक्षा जास्त खपत होता, ते उगाच नव्हे.

कॅप्टन अमेरिकावर फार वेळ घालवायची इच्छा नाही. १९४१चा पोशाख म्हणजे अंगावर झेंडा: खवल्यांचं चिलखत, पोटावर उभे पट्टे, डोक्याला पंख, छातीवर चांदणी. एवढं सगळं दर चौकटीत काढायचं म्हणजे चित्रकाराला शिक्षा. त्यातली सर्वांत चांगली वस्तू अपघाताने आली. पहिल्या अंकातली तिकोनी ढाल 'शील्ड' या आधीच्याच झेंडाधारी हिरोसारखी दिसते म्हणून दुसऱ्या प्रकाशकाने तक्रार केली आणि दुसऱ्या अंकापासून ती गोल झाली. पोशाख विसरा, ढाल ठेवा. वंडर वुमनच्या चांदण्यांच्या घागऱ्यालाही झेंड्याचाच रोग आहे, पण एच. जी. पीटरची जुन्या वळणाची रेघ तिला वाचवते.

परकेपणाबद्दल. काही जण याच्या उलट टोकाला जाऊन म्हणतात की हनुमान हा पहिला सुपरहिरो, अमेरिकेने आपलंच घेतलं. मला हेही मान्य नाही. मारुतीला शुस्टरशी जोडायची गरज नाही, दोघांचीही त्यात शोभा नाही. म्हणणं एवढंच की लांबून दिसायचं कसं, हा प्रश्न कृष्णाकाठच्या माणसाने तंबूत, आखाड्यात आणि दिवट्यांच्या उजेडात सोडवला होता. क्लीव्हलँडच्या पोरांनी तो छापखान्यात सोडवला. ज्याला पहिलं माहीत आहे त्याला दुसरं परकं वाटायचं कारण नाही. इंद्रजालमध्येच १९७६साली आबिद सुरतींनी बहादूर आणला तेव्हा त्याला भगवा कुर्ता आणि निळी जीन दिली. चड्डी नाही, झगा नाही, मुखवटा नाही. पण चंबळच्या करड्या खोऱ्यात तो भगवा रंग मैलावरून दिसतो. सुरतींना हे कुठल्या यादीतून शिकायला लागलं नसणार.

तर माझी क्रमवारी अशी. सुपरमॅन पहिला, चड्डीसकट आणि चड्डीमुळे. वेताळ दुसरा, आधी आला म्हणून पहिला द्यावा असा मोह होतो, पण जांभळा फॉकने निवडलेला नव्हता. तिसरा कॅप्टन मार्व्हल. चौथा रॉबिन. पाचवा बॅटमन, आणि तोही फिंगरच्या नावाने. बॅटमनला, म्हणजे गुरूला, चेल्याच्या खाली बसवलं म्हणून ज्यांना राग येईल, त्यांनी त्याच्या १९३९च्या एखाद्या मारामारीच्या पानाची साध्या वर्तमानपत्राच्या कागदावर झेरॉक्स काढावी, भिंतीला लावावी, दहा पावलं मागे सरकावं, आणि तो कुठे आहे ते मला दाखवावं. रॉबिनचं मी दाखवतो.